रेक्टिफायर व्हॉल्व घडीघडी जातो? नवा लावायच्या आधी हे पाहून घ्या

आमच्याकडं ही तक्रार कार्तिकात हमखास येते. काकडा सुरू झाला की भजनी मंडळाची जुनी व्हॉल्वची मशीन, म्हणजे भोंगा वाजवणारा ॲम्प्लिफायर, पेटीतून निघते, आठ-दहा दिवस मस्त वाजते आणि मग एका पहाटे अभंगाच्या मधातच फट्ट करून फ्युज उडतो. दुसरा टाकला की तो पण उडतो. मग कोणीतरी मिस्त्री बोलावतं, तो रेक्टिफायर व्हॉल्व (एसीचा डीसी करणारी काचेची नळी) काढून नवा खोसतो, भोंगा चालू होतो, सगळे खूश. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

मी आर्वी तालुक्यात राहतो, शेती आहे आणि सोबत बरेच वर्षांपासून रेडिओ-मशीन दुरुस्तीचं काम करतो. शेजारच्या गावच्या मंडळाची अशीच एक मशीन माझ्याकडं आली होती, चौदा महिन्यांत तीन रेक्टिफायर खाऊन. मंडळाचे म्हातारे काकाजी स्वतः सायकलच्या कॅरिअरवर बांधून घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, आता चौथा मागू नको, पैसे नाई मंडळाकडं." त्या एका मशीनमध्ये जे जे सापडलं ते सगळं लिहितो, कारण नंतर आलेल्या बहुतेक मशीनमध्ये यातलंच काहीतरी निघालं.

मशीन अशी: आउटपुटला, म्हणजे भोंगा वाजवायला, दोन ईएल-८४ व्हॉल्व, समोर आवाज वाढवायला ईसीसी-८३, रेक्टिफायर ईझेड-८१, ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० चा, म्हणजे मधल्या तारेपासून (सेंटर टॅप) दोन्हीकडं ३०० व्होल्ट. साधी, चांगली मशीन, भोंग्यावर आवाज इतका गोड की आताच्या ट्रान्झिस्टरच्या मशीनला तो येत नाही हे मी मनापासून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मेलेला व्हॉल्व फेकू नका, नीट पाहा. वरच्या बाजूला काचेच्या आतून चांदीसारखा डाग असतो. तो पांढराफट्ट झाला असेल तर काचेला चीर जाऊन आत हवा शिरली, तो व्हॉल्व वाहतुकीत किंवा हाताळण्यात गेला, मशीनचा दोष नसू शकतो. पण डाग चांदीचा चांदीच आहे आणि आतल्या प्लेटवर (बाहेरचा धातूचा पत्रा) काळे-निळे चट्टे दिसतात, कॅथोडचा (मधली नळी, हीटरनं तापून करंट सोडते) पांढरा लेप खपल्या निघाल्यासारखा झाला आहे, तर तो व्हॉल्व आपल्या मरणानं मेला नाही, मशीननं मारला. या मशीनचे तीनही व्हॉल्व काकाजींनी फडक्यात गुंडाळून जपून ठेवले होते. तिघांचाही डाग शाबूत, तिघांच्याही प्लेटवर चट्टे.

आणि त्यातले मागचे दोन ईझेड-८१ नव्हतेच! ईझेड-८० होते. दुकानात ८१ नव्हता म्हणून ८० दिला, दोघांचाही तोच नऊ पिनचा बेस, पिना पण त्याच, १ आणि ७ प्लेट, ३ कॅथोड, ४ आणि ५ हीटर, दोघांचं हीटर ६.३ व्होल्टचंच. काकाजी म्हणाले, "बसते ना थो सॉकेटात, मंग काऊन नाई चालत?" तर काकाजी, बसतो आणि वाजतो पण, म्हणूनच तर घात होतो. ८१ चं हीटर १ अँपिअर घेतं आणि तो १५० मिलिअँप देतो, ८० चं हीटर ०.६ अँपिअरचं आणि तो ९० पर्यंतच देतो. या मशीनला दोन्ही ईएल-८४ मिळून ७८ आणि समोरचा भाग धरून ८३ च्या आसपास लागतात, म्हणजे सगळं ठीकठाक असतानाच ८० च्या मानेवर जवळजवळ पूर्ण ओझं. ८० च्या जागी ८१ बसवायचा असेल तर हीटरचं वाइंडिंग जास्तीचे ०.४ अँपिअर सोसतं का एवढंच पाहायचं, पण ८१ च्या जागी ८० कधीच नाही.

पण पहिला जो गेला तो तर अस्सल ८१ होता, कित्येक वर्षं चाललेला. तो काऊन गेला? चेसिस (मशीनचा धातूचा सांगाडा) उलटी केली तेव्हा उत्तर समोरच होतं. मूळचा ३२+३२ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) फिल्टर कंडेन्सरचा डबा कोणीतरी कापून टाकला होता आणि त्याच्या जागी २२० एमएफडीचा नवा चमकदार निळा कंडेन्सर. हमिंग येत होतं म्हणून "मोठा टाकला की हमिंग मरते" या हिशेबानं. हमिंग मेलं हे खरं, पण सोबत व्हॉल्व पण मेला. रिकामा कंडेन्सर म्हणजे त्या क्षणाला निव्वळ शॉर्टच, आणि तो भरेपर्यंत सगळा लोंढा त्या नाजूक कॅथोडमधून जातो. नुसतं चालू करतानाच नाही, मोठा कंडेन्सर दर सेकंदाला शंभर वेळा थोडक्या वेळात मोठा घोट घेतो, म्हणजे मीटरवर सरासरी करंट ८३ च दिसतो पण घोटाची उंची कितीतरी जास्त. ईझेड-८० आणि ईझेड-८१ ला पहिला, म्हणजे रेक्टिफायरला लागूनचा, कंडेन्सर जास्तीत जास्त ५० एमएफडी. मोठ्या रेक्टिफायरपैकी जीझेड-३४ ला ६०. ५यू४जीबी ला ४०, ५वाय३ ला २० च. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. हमिंग कमी करायचं असेल तर चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल) किंवा रेझिस्टन्सच्या पुढचा, दुसरा कंडेन्सर वाढवा, त्याला रेक्टिफायर सरळ दिसत नाही. पहिल्याला हात लावू नका.

आता ट्रान्सफॉर्मर. काकाजींना विचारलं तर तो मधात एकदा जळून भरून आणलेला निघाला, आणि भरणाऱ्यानं "मजबूत" म्हणून जाड तार घातली होती. जाड तार म्हणजे रेझिस्टन्स कमी, आणि तो रेझिस्टन्सच तर लोंढ्याला आवर घालतो. मोजायची पद्धत सोपी आहे. मशीन पूर्ण बंद, बोर्डातली पिन काढलेली, कंडेन्सर रिकामे केलेले (कसे ते पुढं सांगतो). सेंटर टॅपपासून एका प्लेटपर्यंत ओहम मोजा, माझ्याकडं ७० आले. प्रायमरी, म्हणजे लाईनीकडचं वाइंडिंग, मोजा, १२ आले. ३०० ला २३० नं भागलं की १.३, त्याचा वर्ग १.७, त्यानं १२ ला गुणलं की २०. सत्तर आणि वीस नव्वद, हा प्रत्येक प्लेटच्या वाट्याचा रेझिस्टन्स. व्हॉल्वच्या डेटाशीटमध्ये कमीत कमी किती पाहिजे ते व्होल्टेजप्रमाणं दिलेलं असतं आणि ३०० व्होल्टवर ईझेड-८१ ला तो शंभरच्या बराच वर लागतो. म्हणून पिन १ आणि पिन ७ च्या तारेत मी एकेक १२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स टाकला. एचटी (व्हॉल्वच्या प्लेटला मिळणारं मोठं डीसी व्होल्टेज) थोडं उतरतं, कानाला काही फरक पडत नाही.

चौथं कारण सगळ्यात लपून बसणारं, त्याच्यासाठी मशीन चालू करून मोजावं लागतं आणि इथं जीवाची काळजी घ्या. एचटी तीनशेच्या वर असते, ती माणूस मारते, मशीन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये बसून राहते. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय सोडा, ४.७ के १० वॅटचा रेझिस्टन्स दोन इन्शुलेटेड क्लिपांना बांधून ठेवा, तो लावून दहा सेकंद थांबा, मग मीटरनं खात्री करा. चालू मशीनमध्ये मोजताना काळा क्लिप चेसिसला पक्का लावायचा, एक हात पाठीमागं ठेवायचा आणि पायात चप्पल पाहिजेच. मोजता येत नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या.

तर ईएल-८४ च्या कॅथोडला २७० ओहमचे दोन वेगळे रेझिस्टन्स होते. एकावर १०.५ व्होल्ट, म्हणजे ३९ मिलिअँप, बरोबर. दुसऱ्यावर १५ व्होल्ट, म्हणजे ५५ मिलिअँप! लाईट बंद करून पाहिलं तर त्या व्हॉल्वच्या प्लेटच्या मधोमध शिवणीपाशी अंधुक लाल पट्टा दिसत होता, बिडीच्या टोकासारखा. ग्रिडवर (व्हॉल्वचा करंट आवरणारी जाळी) मीटर लावला तर ५ व्होल्ट. ग्रिडवर शून्य पाहिजे. कपलिंग कंडेन्सर, म्हणजे ईसीसी-८३ कडून ग्रिडला आवाज पोचवणारा, तो जुना मेणाचा कागदी, गळत होता आणि ईसीसी-८३ च्या प्लेटचं व्होल्टेज हळूहळू ग्रिडवर सोडत होता. तो गरम झाला की जास्त गळतो म्हणून पहिली दहा मिनिटं सगळं नीट दिसतं, यात भलेभले फसतात, तेव्हा अर्धा तास चालवूनच मोजा. म्हणजे ओझं ८३ नाही, १०० होतं, आणि ते ९० झेपणाऱ्या ईझेड-८० वर. दोन्ही बाजूचे कपलिंग कंडेन्सर बदलले, ६३० व्होल्टचे पॉलिस्टर, यात ४०० चा टाकू नका.

मोजायच्या आधीची एक पायरी राहिली. कुठलीही अशी मशीन आली की सरळ लाईनीत खोसायची नाही, सिरीज बोर्डावर, म्हणजे लाईनीच्या मधात बल्ब जोडून, घ्यायची. १०० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. रेक्टिफायर काढून ठेवा आणि चालू करा, बल्ब अंधुक राहिला पाहिजे. भक्क पेटला तर ट्रान्सफॉर्मर नाहीतर हीटरची लाईन शॉर्ट आहे, रेक्टिफायरवर आळ घेऊ नका. मग बंद करा, कंडेन्सर रिकामे करून पिन ३ आणि चेसिसमध्ये ओहम पाहा, काटा किंवा आकडा हळूहळू चढत शंभर के च्या वर गेला पाहिजे, पाचशे-हजार ओहमवर अडकला तर पुढं शॉर्ट आहे आणि नवा व्हॉल्व तुम्ही जाणूनबुजून मारणार आहात.

एवढं करूनही माझं मन भरलं नव्हतं, कारण तीनही वेळा मशीन लाईन जाऊन आल्यावरच गेली होती. काकाजींना खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लाईन झपकली, आली, अन् आली तशी आतमंधी निळी वीज चमकली." हे आपल्या खेड्यांचं खास दुखणं आहे. थंड व्हॉल्व हळूहळू तापतो तेव्हा कंडेन्सरही हळूहळू भरतो, ईझेड-८१ स्वतःच त्या लोंढ्याला आवर घालतो. पण दोन-तीन सेकंद लाईन गेली की कंडेन्सर रिकामा होतो आणि कॅथोड मात्र गरमच राहतो. लाईन आली की पूर्ण लोंढा एकदम, निळी ठिणगी, लेपाची एक खपली खाली. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत हे रोज पाच-सहा वेळा होतं. शिवाय व्होल्टेज कमी झालं, समजा १७० वर आलं, तर ६.३ चं हीटर ४.७ वर येतं. दहा टक्के वर-खाली चालतं, इतकं नाही. अर्धवट तापलेल्या कॅथोडकडून पूर्ण करंट ओढला तर लेप खराब होतो. तेव्हा दिवे पिवळे पडलेत तर मशीन बंद ठेवा, पेटी-तबल्यावर भजन होते, अडत नाही.

यावरचा उपाय आपल्या विहिरीवरच आहे. मोटरच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते ना, लाईन गेली की सुटते आणि हिरवं बटन दाबेपर्यंत मोटर चालू होत नाही, तेच इथं करायचं. २३० व्होल्टच्या कॉइलचा छोटा रिले, त्याच्याच एका कॉन्टॅक्टनं स्वतःला धरून ठेवणारा, आणि एक पुश बटन. लाईन झपकली की मशीन बंद, बटन दाबल्याशिवाय चालू नाही. सोबत मंडळातल्या पोरांना सांगून ठेवलं की लाईन आल्यावर एक अभंग बिनाभोंग्याचा म्हणा, मग बटन दाबा. शेतात लोक ऑटो स्विच लावून ती कॉइल निकामी करतात, तसं इथं करू नका.

आता जे सगळे विचारतात ते, व्हॉल्व काढून डायोड लावला तर? लावता येतो, मी पण लावतो, पण नुसता १एन४००७ (साधा डायोड) जोडून मोकळं व्हायचं नाही. माझ्या पाहण्यातली एक मशीन आहे, तीत कोणीतरी पिन १ आणि ७ पासून पिन ३ ला एकेक डायोड लावून दिला होता, महिनाभर चालली आणि मग पहाटे साडेचारला चालू केल्याबरोबर दोन्ही फिल्टर कंडेन्सर फुटले, खोलीभर कागदाचा चिवडा आणि घाण वास. हिशेब करून पाहा. ३०० गुणिले १.४१४ म्हणजे ४२४ व्होल्ट. पहाटे लोड नसतो, आमच्याकडं लाईन २६० पर्यंत जाते, म्हणजे ४८० च्या आसपास. व्हॉल्व असता तर तो तापेपर्यंत ईएल-८४ पण तापले असते, ओझं लागलं असतं, एचटी खाली राहिली असती. डायोड मात्र बटन दाबताक्षणी पूर्ण ४८० देतो आणि पुढचे व्हॉल्व थंड, ओढणारं कोणी नाही. ४५० चा कंडेन्सर किती सोसेल. त्या वेळात ईसीसी-८३ च्या प्लेटवर पण तेवढंच चढतं, कपलिंगला ६३० चाच पाहिजे म्हटलं ते यासाठी पण.

म्हणून डायोड लावायचाच तर असं करा. प्रत्येक बाजूला दोन-दोन १एन४००७ सिरीजमध्ये, कारण बंद असलेल्या डायोडवर दुप्पट पीक व्होल्टेज येतं, २३० ला ८४८ आणि २६० ला साडेनऊशेच्या वर, आणि एक ४००७ हजार व्होल्टलाच हात टेकतो. डायोडवरच्या पट्टीची बाजू पिन ३ कडं. ती तार सरळ कंडेन्सरला न देता मधात १५० ओहम १० वॅटचा रेझिस्टन्स, आणि मीटर लावून एचटी व्हॉल्व असताना होती तितकीच येईपर्यंत तो कमी-जास्त करा. पहिला फिल्टर कंडेन्सर म्हणून १०० एमएफडी ४०० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० के १ वॅट, म्हणजे ५० एमएफडी ८०० व्होल्टचा झाला. पुढचा पण तसाच, कारण थंड मशीनमध्ये त्याच्यावरही तितकंच येतं. जागा लागते, पण फुटत नाही.

मला स्वतःला मधला रस्ता जास्त आवडतो आणि काकाजींच्या मशीनमध्ये तोच केला: व्हॉल्व ठेवायचा आणि १ आणि ७ च्या प्रत्येक तारेत, त्या १२० ओहमच्या सोबत, दोन ४००७ सिरीजमध्ये टाकायचे, पट्टी व्हॉल्वकडं. उद्या व्हॉल्व आतून शॉर्ट झालाच तर एसी कंडेन्सरपर्यंत पोचत नाही, ट्रान्सफॉर्मर वाचतो. सेंटर टॅपच्या तारेत २५० मिलिअँपचा फ्युज वेगळा. आणि मेन फ्युज १ अँपिअरचा स्लो, त्याच्या जागी वायरचा तुकडा बांधलेला मी दर दुसऱ्या मशीनमध्ये पाहतो, ट्रान्सफॉर्मर जळतात ते त्या तुकड्यापायी.

मोठ्या, आठ पिनच्या व्हॉल्ववाल्यांसाठी थोडं. ५यू४जी, ५वाय३जीटी, जीझेड-३४ म्हणजेच ५एआर४, हे तिघंही एकाच सॉकेटात बसतात, ४ आणि ६ प्लेट, २ आणि ८ हीटर, एचटी ८ वरून. पण ५यू४ चं हीटर ३ अँपिअर ओढतं, ५वाय३ चं २, जीझेड-३४ चं १.९. ५वाय३ च्या मशीनमध्ये ५यू४ खोसला की ५ व्होल्टचं वाइंडिंग भाजतं, ट्रान्सफॉर्मरला हात लावून कळतं. ५वाय३ च्या जागी जीझेड-३४ लावला तर हीटर ठीक, पण ५वाय३ स्वतः पन्नासेक व्होल्ट खातो आणि ३४ पंधरा-वीसच, तेवढी एचटी वाढते, आउटपुट व्हॉल्वचा करंट पुन्हा मोजा. ५यू४ च्या जागी ३४ चांगला बसतो, पण एचटी तिथंही वाढते. उलट, ३४ च्या जागी ५यू४ लावायचा तर वाइंडिंग ३ अँपिअरचं आहे का आणि पहिला कंडेन्सर ४० च्या आत आहे का, दोन्ही पाहा. आणि लक्षात ठेवा, ते ५ व्होल्टचं वाइंडिंग म्हणायला पाच व्होल्टचं, चेसिसपासून मोजलं तर त्याच्यावर पूर्ण एचटी बसलेली असते.

काकाजींच्या मशीनला शेवटी ईझेड-८१ नागपूरला सीताबर्डीत एका जुन्या दुकानाच्या मागच्या फळीवर मिळाला, बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा), पुठ्ठ्याच्या खोक्यात. ३२+३२, नवे कपलिंग, १२० ओहम, डायोड, रिले, सगळं लावून सिरीज बोर्डावरून मशीन काढली तेव्हा एचटी ३०८, दोन्ही कॅथोड १०.५ आणि १०.६. त्यानंतर तीन काकडे झाले. यंदा मशीन पेटीतून काढायच्या आधी काकाजी पुन्हा सायकलवर घेऊन आले, नुसती तपासायला. एचटी ३०५ आली.